एका डासाला एक आणा

डास मारण्यासाठी माणसाने काय काय केले याची यादी करायला बसले तर कागद पुरणार नाही. कडुनिंबाचा धूर केला, डबक्यांत तेल ओतले, डी.डी.टी. फवारली, मच्छरदाण्या लावल्या, विजेच्या रॅकेटी फिरवल्या. पण डासाला पोटभर जेवू घालण्यासाठी एका माणसाने जिवाचे रान केले आणि त्या खटाटोपातूनच हिवतापाचे कोडे सुटले, ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. त्या माणसाचे नाव सर रोनाल्ड रॉस. शाळेच्या पुस्तकात त्याच्यावर दोन ओळी असतात : हिवताप डासामुळे पसरतो हे त्याने शोधले आणि १९०२ साली त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. परीक्षेत गुण मिळवायला तेवढ्या पुरतात. त्या दोन ओळींच्या मागे कोणाकोणाचे रक्त सांडले आहे, हे मात्र पुस्तकात नसते.

आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवून मी आता मीरा रोडच्या नया नगरात राहतो. खाडी आणि मिठागरांच्या शेजारात वाढलेली ही दाट वस्ती. इमारतीला इमारत खेटलेली आणि प्रत्येक गच्चीवर पाण्याच्या टाक्या. पावसाळा आला की संध्याकाळी खिडक्या लावून घेण्याची घराघरांत घाई होते. आमच्या मजल्यावरची एक मुलगी कीटकशास्त्र शिकून डासांवर संशोधन करणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते. तिने एकदा सहज सांगितले, की तिच्याकडे हजारो डास पिंजऱ्यांत पाळलेले आहेत आणि त्यांना रक्त पाजायला ना माणूस लागतो ना जिवंत प्राणी. काचेचे एक छोटेसे भांडे पुरते. ते भांडे कसे चालते हे ती समजावून देत होती आणि मला राहून राहून रॉस आठवत होता. हे भांडे त्याच्याजवळ असते, तर त्याच्या चरित्रातली कितीतरी पाने वेगळी लिहिली गेली असती!

रॉस जन्माने याच भूमीतला. १३ मे १८५७ रोजी अल्मोड्याला त्याचा जन्म झाला, तेव्हा मीरतला शिपायांचा उठाव होऊन अवघे तीन दिवस झाले होते. वडील फौजेत अधिकारी. दहा भावंडांत रोनाल्ड थोरला. आठव्या वर्षी त्याला शिक्षणासाठी इंग्लंडला नातेवाइकांकडे धाडण्यात आले. मुलाचा ओढा कविता, चित्रे, संगीत आणि गणित यांकडे. वडिलांची इच्छा मात्र त्याने डॉक्टर होऊन हिंदुस्थानात नोकरी करावी अशी. आपल्याकडच्या कितीतरी घरांत आजही घडते तेच त्या घरात घडले. वडिलांचे म्हणणे खरे झाले. १८७४ मध्ये रॉस लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयात दाखल झाला. अभ्यासात मन नव्हतेच. एका परीक्षेत तो नापास झाला, काही काळ अटलांटिकवरच्या बोटीत डॉक्टर म्हणून फिरला आणि अखेर १८८१ मध्ये इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये शिरून मद्रास इलाख्यात रुजू झाला.

पहिली दहा-बारा वर्षे त्याने बरीचशी कविता, कादंबऱ्या आणि गणित यांतच घालवली. डासाशी त्याची पहिली गाठ पडली ती १८८३ मध्ये बंगळूरला. राहत्या बंगल्यात डासांनी उच्छाद मांडला होता. खिडकीबाहेरच्या पाण्याच्या पिंपात त्यांच्या अळ्या वळवळत असल्याचे त्याने पाहिले, पिंप उपडे केले आणि डास कमी झाले. हाच उपाय सगळीकडे करावा म्हणून तो वरच्या अधिकाऱ्याकडे गेला, तेव्हा त्या गृहस्थांनी निसर्गाच्या व्यवस्थेत ढवळाढवळ नको म्हणून हात झटकले. पिंप उपडे करण्याचा तो साधा उपाय आज आपल्या महापालिका दारोदार सांगत फिरतात.

हिवतापाचा जंतू रक्तात असतो, हे फ्रेंच डॉक्टर लाव्हेरान याने १८८० मध्ये अल्जीरियात पाहिले होते. पण एका माणसाच्या रक्तातून तो दुसऱ्याच्या रक्तात जातो कसा? १८९४ मध्ये रॉस रजेवर लंडनला गेला असताना डॉ. पॅट्रिक मॅन्सन यांनी त्याला सूक्ष्मदर्शकाखाली हा जंतू दाखवला आणि डासावरचा आपला संशय बोलून दाखवला. त्या संशयाला आधार होता. चीनमध्ये असताना मॅन्सन यांनी हत्तीरोगाचे कृमी रक्तात असलेल्या आपल्या नोकराला डास चावू दिले होते आणि त्या डासांच्या पोटात ते कृमी वाढताना पाहिले होते. म्हणजे या शास्त्राची सुरुवातच एका नोकराच्या अंगावर बसलेल्या डासांपासून झाली. पण डास आयुष्यात एकदाच चावतो, मग पाण्यात मरतो आणि ते पाणी प्यायल्याने माणसाला हिवताप होतो, असा मॅन्सन यांचा तर्क होता. डासावरचा संशय खरा, पुढचा तर्क चुकीचा.

मार्च १८९५ मध्ये रॉस परत आला तो मुंबईच्या बंदरावर. सामान अजून कस्टममधून सुटायचे होते. तेवढ्यात हा माणूस थेट मुंबईच्या सिव्हिल हॉस्पिटलात जाऊन हिवतापाचे रोगी शोधू लागला. तिथून त्याने सिकंदराबाद गाठले.

आता खरी अडचण सुरू झाली आणि ती होती डासाच्या जेवणाची. रक्त फक्त मादी पिते, तेही अंड्यांच्या पोषणासाठी. नर फुलांच्या रसावर जगतो. मादीच्या पोटातला जंतू कोणत्या रोग्याकडून आला हे कळायचे, तर तिने आधी कोणालाच चावलेले नसले पाहिजे. म्हणून रॉसने अळ्या आणून बाटल्यांत डास वाढवले. मग रोग्याला खाटेवर निजवायचे, भोवती मच्छरदाणी सोडायची, आत डास सोडायचे आणि त्यांचे पोट भरले की एकेकाला काचेच्या नळीत पकडायचे. आपण मच्छरदाणी लावतो ती डासांना बाहेर ठेवण्यासाठी. रॉसने ती डासांना आत ठेवण्यासाठी लावली! पिंजऱ्यात वाढलेले डास जेवायला नेहमीच राजी नसत. जे जेवत, ते तपासण्याआधीच मरून जात. दोन वर्षे त्याने शेकडो डास चिरले आणि हाती काही लागले नाही. कारण तो ज्या करड्या आणि पट्टेरी डासांना रोग्याचे रक्त पाजत होता, त्यांच्यात माणसाच्या हिवतापाचा जंतू वाढतच नाही.

ऑगस्ट १८९७ मध्ये त्याच्या माणसांनी वेगळ्याच अळ्या आणल्या. त्यांतून ठिपकेदार पंखांचे डास निघाले. आज आपण त्यांना ॲनॉफिलिस म्हणतो. १६ ऑगस्टला हुसेन खान नावाच्या हिवतापाच्या रोग्याला मच्छरदाणीत निजवून हे डास आत सोडण्यात आले. पोटभर रक्त प्यायलेल्या दर डासामागे एक आणा, असा दर ठरला होता.

पुढच्या चार दिवसांचे वर्णन वाचताना अंगावर घाम फुटतो. सिकंदराबादचा उकाडा, पण पंखा चालवायची सोय नाही, कारण वाऱ्याने चिरलेला डास उडून जाईल. घामाने सूक्ष्मदर्शकाचे स्क्रू गंजलेले, भिंगाला तडा गेलेला आणि डोळ्यांभोवती चिलटे घोंघावत असलेली. बरेच डास मेले, मोजकेच उरले. २० ऑगस्टला त्यांतल्या एकाच्या जठराच्या भिंतीत रॉसला काही गोल पेशी दिसल्या आणि त्या पेशींत हिवतापाच्या जंतूत असतात तसेच काळे कण होते. दुसऱ्या दिवशी आणखी एक डास चिरला, तेव्हा त्या पेशी मोठ्या झालेल्या होत्या. म्हणजे जंतू डासाच्या अंगात जिवंत होता, वाढत होता. कोडे अर्धे सुटले. २० ऑगस्ट हा जागतिक डास दिन म्हणून पाळतात तो त्यामुळे.

त्या दिवसाच्या गौरवात रॉसचे नाव येते. हुसेन खानचे नाव तळटीपेत येते आणि तेही त्याला मोजलेल्या आण्यांसाठी. मी रॉसला खलनायक ठरवू इच्छित नाही. त्याने पैसे मोजले, नाव नोंदवले आणि त्या काळच्या रिवाजाप्रमाणे हे पुष्कळच झाले. पण लष्करी दवाखान्याच्या खाटेवर तापाने फणफणलेल्या माणसाला गोऱ्या डॉक्टरसाहेबांना नाही म्हणता येत होते का, हा प्रश्न आज वाचकाने स्वतःला विचारायला हवा. मॅन्सन यांचा पाण्याचा तर्क तपासण्यासाठी त्याआधी रॉसने काही जणांना मेलेल्या डासांचे पाणीही पाजले होते. तर्क चुकीचा निघाला म्हणून ते बचावले. खरा निघाला असता तर?

शोध लागून महिनाही झाला नाही तोच सरकारने रॉसची बदली केली. मुंबईमार्गे त्याला राजपुतान्यातल्या खेरवाड्याला पाठवण्यात आले. तिथे हिवतापच जवळजवळ नव्हता. मॅन्सन यांनी लंडनमधून खटपट केली, तेव्हा फेब्रुवारी १८९८ मध्ये त्याला कलकत्त्याला खास कामगिरीवर नेमले गेले. पण तिथे वेगळेच संकट उभे राहिले. मुंबईत १८९६ मध्ये सुरू झालेल्या प्लेगची धास्ती कलकत्त्यापर्यंत पोचली होती. लस टोचण्याविषयी नाना अफवा होत्या. बोट टोचून रक्ताचा थेंब द्यायलाही कोणी तयार होईना, पैसे देऊ केले तरी. लोकांनी नाही म्हटले आणि माणसांवरचा प्रयोग तिथेच थांबला.

मग रॉस पक्ष्यांकडे वळला. चिमण्या आणि चंडोल यांनाही एक प्रकारचा हिवताप होतो आणि तो करड्या डासांमार्फत पसरतो. आजारी पक्ष्यांचे पिंजरे रात्री मच्छरदाणीत ठेवायचे, आत डास सोडायचे आणि सकाळी जेवलेले डास वेचायचे, असे काम सुरू झाले. या कामात त्याचा उजवा हात होता महंमद बक्ष. त्याच्याबरोबर नेमलेला दुसरा मदतनीस पगार हातात पडताच निघून गेला. महंमद बक्ष टिकला. किशोरीमोहन बंदोपाध्याय या बंगाली तरुणानेही रॉसला मोलाची साथ दिली. कलकत्त्याच्या प्रयोगशाळेच्या पायऱ्यांवर काढलेले एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. त्यात रॉस, त्याची पत्नी आणि महंमद बक्ष व इतर मदतनीस दिसतात आणि बाजूला पक्ष्यांचे पिंजरे आहेत. ज्यांच्या जिवावर प्रयोग चालला होता तेही त्या चित्रात आले, हे बरे झाले.

जुलै १८९८ मध्ये रॉसने पाहिले, की जंतू शेवटी डासाच्या लाळग्रंथीत जाऊन बसतात. जठरातून सोंडेपर्यंतची वाट सापडली! असे डास निरोगी चिमण्यांना चावू दिले आणि त्या आजारी पडल्या. त्यांतल्या कितीतरी मेल्या. रोग पाण्यातून नव्हे, चाव्यातून जातो हे सिद्ध झाले. माणसाच्या बाबतीत हे सगळे चक्र त्याच वर्षी इटलीत ग्रासी आणि त्याच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले. पुढे १९०० मध्ये रोमहून हिवतापाचे डास लंडनला आणण्यात आले, तेव्हा मॅन्सन यांनी त्यांच्यापुढे स्वतःच्या मुलाचा हात धरला. मुलाला हिवताप झाला आणि किनाइनने तो बरा झाला. नोकर, रोगी, चिमणी आणि शेवटी पोटचा मुलगा : डासाच्या ताटात कोणाकोणाला वाढले गेले पाहा.

रॉसचे उरलेले आयुष्य मानाचे, पण समाधानाचे नव्हते. १८९९ मध्ये त्याने हिंदुस्थान सोडला आणि लिव्हरपूलच्या उष्णकटिबंधीय वैद्यक विद्यालयात तो शिकवू लागला. नोबेल मिळाले, १९११ मध्ये सर ही पदवी मिळाली. पण श्रेय कोणाचे यावरून ग्रासीशी त्याने जन्मभर भांडण केले. थोरला मुलगा १९१४ मध्ये महायुद्धाच्या सुरुवातीलाच मारला गेला. पैशाची तंगी इतकी, की १९२८ मध्ये त्याला आपले कागदपत्र विकावे लागले. तरीही काम थांबले नाही. सिएरा लिओन, सुएझ कालव्यावरचे इस्मायलिया, मॉरिशस अशा ठिकाणी जाऊन त्याने डबकी बुजवण्याची मोहीम सांगितली. गणिताची जुनी आवड इथे उपयोगी पडली. सगळे डास मारण्याची गरज नाही, त्यांची संख्या एका मर्यादेखाली आणली तरी रोग आपोआप विझतो, हे त्याने समीकरणांनी दाखवले. आजचे साथरोगांचे गणित त्याच पायावर उभे आहे. १६ सप्टेंबर १९३२ रोजी लंडनमध्ये त्याचे निधन झाले.

रॉस गेला, पण डासाच्या जेवणाचा प्रश्न उरला. औषध, लस किंवा कीटकनाशक तपासायचे तर प्रयोगशाळेत डास हवेत. डास हवेत तर अंडी हवीत. अंडी हवीत तर रक्त हवे. वर्षानुवर्षे यासाठी गिनीपिग, ससे, उंदीर आणि कोंबडीची पिले वापरली गेली. अंगावरचे केस भादरून, गुंगी देऊन किंवा बांधून प्राण्याला पिंजऱ्याशी ठेवायचे, की शेकडो माद्या त्याच्यावर तुटून पडत. कित्येक संशोधकांनी स्वतःचा हातही पिंजऱ्यात घातला आहे आणि काही ठिकाणी अजूनही घालतात.

पर्याय शोधण्याची धडपडही जुनी आहे. १९१२ मध्ये आफ्रिकेतल्या बेल्जियन काँगोत त्सेत्से माशीला प्राण्याच्या कातड्यातून रक्त पाजून पाहिले गेले. पण सुटसुटीत साधन आले ते १९६४ मध्ये, रटलेज आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे. तेच माझ्या शेजारणीचे काचेचे भांडे. त्याची रचना अशी : घंटेच्या आकाराचे भांडे, पण भिंत दुहेरी. दोन भिंतींच्या मधून सुमारे ३७ अंशांचे कोमट पाणी खेळते राहते. खालच्या तोंडावर मेणासारखा ताणला जाणारा पातळ पापुद्रा किंवा धुतलेल्या आतड्याची त्वचा घट्ट बसवतात आणि आत थोडेसे रक्त सोडतात. हे भांडे पिंजऱ्याच्या जाळीवर ठेवले, की पाण्याच्या उबेने पापुद्रा अंगाइतका गरम होतो. माद्या जाळीखाली उलट्या लटकून सोंड पापुद्र्यात खुपसतात आणि पितात. माणसाची चाहूल त्यांना श्वास, वास आणि ऊब यांवरून लागते. त्यांतली एक ऊब नीट साधली तरी बहुतेकींची फसगत होते. घामाचा वास किंवा फुंकर दिली तर आणखी बरे.

भांड्यातले रक्त कत्तलखान्यातून येते किंवा रक्तपेढीतले मुदत संपलेले असते. ते गोठू नये म्हणून त्यावर प्रक्रिया करतात. म्हणजे प्राणी पूर्णपणे सुटला असे नाही. पण डासांसाठी म्हणून कोणाला बांधून ठेवावे लागत नाही. रक्ताचा थेंबही नसलेले जेवण तयार करण्याचे प्रयत्न चालू आहेत. त्यात प्रथिने, क्षार आणि एटीपी हा पेशींतला पदार्थ घालतात, कारण त्याच्या चवीने मादी पिऊ लागते. सगळ्याच जातींना ते रुचत नाही. काही डास खाण्यापिण्याच्या बाबतीत आपल्या नातवंडांपेक्षाही हट्टी असतात.

रॉसच्या मार्गातला दुसरा धोंडाही दूर झाला आहे. १९७६ मध्ये ट्रॅगर आणि जेन्सन यांनी हिवतापाचा सर्वांत घातक जंतू बाटलीतल्या मानवी रक्तपेशींत वाढवून दाखवला. आता बाटलीतला जंतू काचेच्या भांड्यात घालून पापुद्र्यातून डासाला पाजता येतो आणि नवी लस जंतूला डासात वाढण्यापासून रोखते का हे पाहता येते. १८९७ मध्ये हुसेन खानने मच्छरदाणीत पडून जे केले, तेच काम आज ते भांडे करते. त्याला ताप येत नाही.

आपल्याकडेही कायदा आता प्राण्याच्या बाजूने थोडा उभा राहिला आहे. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा आणि प्रयोगांवर देखरेख ठेवणारे १९९८ चे नियम यांमुळे पर्याय असताना जिवंत प्राणी का हवा, याचे उत्तर संशोधकाला द्यावे लागते.

या कहाणीचा एक धागा आपल्या महाराष्ट्रातही आहे. जगभरच्या प्रयोगशाळांत हिवतापाच्या अभ्यासासाठी जो डास सर्वांत जास्त पाळला जातो, त्याचे नाव ॲनॉफिलिस स्टीफेन्सी. १९०१ मध्ये ग्लेन लिस्टन या डॉक्टराने त्याची शास्त्रीय नोंद केली ती वऱ्हाडातल्या एलिचपुरातून, म्हणजे आजच्या अचलपुरातून. हा खास शहरी डास. विहिरी आणि टाक्यांच्या स्वच्छ पाण्यात वाढणारा. १९११ मध्ये डॉ. बेंटली यांनी मुंबईच्या हिवतापाबद्दल अहवाल दिला, तेव्हा त्यांचे बोट याच्याकडेच होते आणि त्यावरून मुंबईतल्या विहिरी झाकण्यावरून मोठा वाद झाला. २०१२ मध्ये तो आफ्रिकेतल्या जिबुतीत सापडला आणि तिथल्या शहरांना नवी काळजी लागली. नया नगरातल्या गच्चीवरच्या टाकीचे झाकण नीट लावा, असे मी शेजाऱ्यांना सांगतो ते याच्यासाठीच.

रॉसच्या नावाच्या संस्था झाल्या, कलकत्त्याच्या रुग्णालयाच्या भिंतीत स्मारक उभे राहिले आणि ते योग्यच आहे. पण विज्ञान पुढे गेले की नाही हे मोजायचे एक साधे मापही या कहाणीत आहे : त्याच ज्ञानासाठी आता कोणाला दुखवावे लागते? एकोणिसाव्या शतकात नोकराला आणि रोग्याला, मग चिमणीला, मग सशाला. आज पुष्कळदा कोणालाच नाही. ते काचेचे भांडे दिसायला क्षुल्लक आहे. त्याला नोबेल मिळाले नाही. पण त्याने न मागता कित्येक जीव मोकळे केले.

जुन्या हिशेबात सोळा आण्यांचा रुपया होत असे. रॉसचा शोध सोळा आणे खरा ठरला. त्यातले काही आणे हुसेन खानचे होते, काही महंमद बक्षचे आणि काही त्या नाव नसलेल्या चिमण्यांचे. येत्या २० ऑगस्टला मुलांना रॉसची गोष्ट सांगाल, तेव्हा हा हिशेबही पुरा सांगा.